सामील, पण कशात?

डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसेरुप यांनी १९७० साली दाखवून दिलं, की आफ्रिकेत बऱ्याच भागांत शेती कसतात बाया आणि सुधारित शेतीचे धडे मिळतात पुरुषांना. मग ‘बायकांना विकासात सामील करा’ हा मंत्रच झाला. योजनांतून शिवणयंत्रं आली. (आपल्याकडेही आलीच की!)

१९८४ साली बंगळुरात देवकी जैन यांच्या पुढाकारानं तिसऱ्या जगातल्या अभ्यासक-कार्यकर्त्या जमल्या, ‘डॉन’ हे जाळं उभं राहिलं. त्यांचा प्रश्न अवघड होता: सामील व्हायचं ते कशात? कर्जबाजारी सरकारानं दवाखान्यांवरचा खर्च आखडला, तर आजाऱ्याच्या उशाशी रात्र कोण काढतं? १९८५ला नैरोबीतल्या जागतिक महिला परिषदेच्या वेळी त्यांनी तो जगापुढे ठेवला.

या अंकातले लेख तिथून पुढे निघतात. एक लेखिका बोसेरुपबाईंशीही भांडते.