दिवा गाडीचा, किल्ली कुणाची?

डॅशबोर्डवरील पिवळ्या दिव्याचा अर्थ सांगणारे स्कॅनर आता काही शे रुपयांत मिळू लागले आहेत. मात्र गाडी जितकी माहिती जमवते, तितकी सारी मालकाच्या हाती येतेच असे नाही. कोणता स्कॅनर घ्यावा, या साध्या प्रश्नामागे दुरुस्तीच्या हक्काचा मोठा वाद दडला आहे.

एके काळी बॉनेट उघडून इंजिनाला कान लावणारा मिस्त्री क्षणात दुखणे ओळखत असे. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि प्लग यांतच बहुतेक तक्रारी सामावलेल्या असत. आज त्याच बॉनेटखालचा कारभार संगणक पाहतो. काही बिघडले की तो इंजिनाच्या आकाराचा दिवा पेटवतो. दिवा का पेटला, हे मात्र स्मृतीत कोडच्या रूपाने साठवून ठेवतो. तो कोड वाचण्यासाठी सर्व्हिस सेंटरची पायरी चढावी, की घरीच साधन बाळगावे, असा प्रश्न गाडीची देखभाल स्वतः करणाऱ्या हौशी मालकांपुढे आहे. वॉरंटी संपलेल्या किंवा जुन्या बाजारातून घेतलेल्या गाडीच्या मालकाला तर तो अधिकच जवळचा वाटतो.

प्रदूषणातून आलेली सोय

या व्यवस्थेचे मूळ कॅलिफोर्नियातील प्रदूषित हवेत आहे. तेथील एअर रिसोर्सेस बोर्डाच्या पुढाकारानंतर ‘ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स’ची दुसरी पिढी, अर्थात ओबीडी-२, अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून सक्तीची झाली. युरोपने पेट्रोल गाड्यांसाठी ती २००१ पासून स्वीकारली. भारतात बीएस-४ मानकांबरोबर १ एप्रिल २०१० पासून तिचा पहिला आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा अधिक कठोर टप्पा आला.

स्टिअरिंगखाली आढळणारे सोळा पिनांचे सॉकेट ही या कायद्यांचीच देणगी. कंपनी कोणतीही असो, धुराशी संबंधित बिघाडांचे मूळ कोड सारखेच असतात. म्हणूनच स्वस्तातला स्कॅनरही ते वाचू शकतो. तथापि कायद्याला चिंता होती ती धुराची. ब्रेकची एबीएस यंत्रणा, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग यांची माहिती प्रत्येक कंपनी आपल्या स्वतंत्र भाषेत ठेवते. स्वस्त आणि महाग साधनांतील खरा फरक येथे पडतो.

कोड आणि निदान

नवख्यांची पहिली चूक म्हणजे कोडलाच निदान समजणे. उदाहरणार्थ, ‘पी ०४२०’ हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचे सांगतो. हा भाग प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारख्या मौल्यवान धातूंमुळे महाग असतो. कोड पाहताच तो बदलणाऱ्याला नंतर कळते, की दोष ऑक्सिजन सेन्सरचा होता किंवा एक्झॉस्टच्या नळीला गळती होती. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा अधिक. त्याचे कारण फाटलेली व्हॅक्यूम नळी असू शकते, मळलेला हवेचा सेन्सर असू शकतो किंवा अशक्त झालेला इंधनपंपही.

ही कारणे वेगळी करण्यासाठी चालू इंजिनाचे आकडे, म्हणजेच ‘लाइव्ह डेटा’ लागतो. इंजिन आयडलवर असताना संगणक इंधन बरेच वाढवत असेल आणि वेग वाढताच ती वाढ ओसरत असेल, तर संशय व्हॅक्यूमच्या गळतीवर जातो. उलट इंजिनावर भार येताच ती वाढत गेली, तर इंधनाचा पुरवठा तपासावा लागतो. त्यामुळे केवळ कोड दाखवून तो पुसणारे साधन घेण्यात फारसा अर्थ नाही. लाइव्ह डेटा आणि ‘फ्रीझ फ्रेम’, म्हणजे बिघाडाच्या क्षणाची नोंद, या दोन गोष्टी किमान असाव्यात.

तिसरी उपयुक्त गोष्ट ‘रेडीनेस मॉनिटर’. कोड पुसले की गाडीच्या स्वयंचाचण्यांची नोंदही पुसली जाते आणि ती पूर्ववत होण्यास अनेकदा काही दिवसांचे चालवणे लागते. जुनी गाडी घेताना दिवा बंद आहे, पण बहुतेक चाचण्या ‘अपूर्ण’ दिसत आहेत, असे आढळल्यास बॅटरी काढली गेली होती की कोड मुद्दाम पुसले गेले, हे विक्रेत्याला विचारणे भाग आहे. खरेदीपूर्वीची ही पाच मिनिटांची तपासणी स्कॅनरची किंमत भरून काढू शकते.

कुणासाठी कोणते साधन?

बाजारातील साधनांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला, फोनशी जोडला जाणारा डोंगल. यातील बहुसंख्य डोंगल ‘ईएलएम ३२७’ या कॅनेडियन चिपच्या नकला आहेत. नक्कल स्वस्त असते, परंतु काही गाड्यांशी तिचा संवाद जुळत नाही आणि वेष्टनावर लिहिलेल्या सर्व आज्ञा ती पाळतेच असे नाही. आयफोन वापरणाऱ्यांनी साधे ब्लूटूथ डोंगल चालेल असे गृहीत धरू नये. वाय-फाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचे साधन लागते. डोंगल सॉकेटमध्ये कायम ठेवू नये. बॅटरी उतरते आणि पासवर्डविना चालणारे साधन परक्या फोनलाही वाट करून देते.

दुसरा वर्ग स्वतःचा पडदा असलेल्या हातातल्या स्कॅनरचा. फोन, अ‍ॅप यांची कटकट नाही, बिघाड झाला तर वाटेतही उपयोगी पडतो. एकच गाडी असलेल्या मालकाला यातील एबीएस व एअरबॅगचे कोड वाचणारे साधन बहुधा पुरेसे ठरते.

तिसरा वर्ग टॅबलेटसारख्या बहुकंपनी स्कॅनरचा. तो गाडीला आज्ञाही देऊ शकतो. बीएस-६ डिझेल गाड्यांत हे महत्त्वाचे आहे. या गाड्यांच्या फिल्टरमध्ये साठणारी काजळी उच्च तापमानाला जाळावी लागते. मुंबई-पुण्याच्या कोंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ही क्रिया अर्धवट राहते आणि दिवा पेटतो. अनेकदा महामार्गावरची सलग फेरी पुरते. अन्यथा स्कॅनरने सक्तीचे ‘रिजनरेशन’ करावे लागते. त्या वेळी एक्झॉस्ट अतिशय तापतो, त्यामुळे तळघरातील पार्किंगमध्ये किंवा वाळल्या गवतावर तो प्रयोग मुळीच करू नये. अशा साधनाला वार्षिक अपडेटचे शुल्क पडू शकते. ते किती आणि आपले भारतीय मॉडेल त्याच्या यादीत आहे का, हे खरेदीपूर्वीच विचारावे. सोसायटीतील चार-पाच जणांनी मिळून घेतल्यास हा खर्च हलका होतो.

कुलूप कुणाच्या हाती?

योग्य साधन घेतले तरी वाट नेहमी मोकळी असतेच असे नाही. २०११ मधील एका तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली. मारुती सुझुकी, टाटा मोटर्स, महिंद्र यांच्यासह १४ कंपन्यांना आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळत नाहीत, हा मुख्य आक्षेप होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. प्रकरण अपिलात गेले. २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांविरुद्धचा निष्कर्ष कायम ठेवून दंड कमी केला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनक्षेत्राचा समावेश केला. परंतु पोर्टलवर माहिती देणे वेगळे आणि ती देण्याची कायदेशीर सक्ती असणे वेगळे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने ही सक्ती २०१२ मध्येच केली. २०२० मध्ये तेथील मतदारांनी गाडीतून बिनतारी पाठविल्या जाणाऱ्या माहितीपर्यंत ती वाढवली आणि वाहन उत्पादक न्यायालयात गेले. कंपन्यांच्या बाजूलाही तथ्य आहे. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी जीप चेरोकी दुरून ताब्यात घेऊन दाखवली आणि सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर त्या कंपनीने स्कॅनरच्या आज्ञांपुढे अधिकृत नोंदणीचे दार बसवले. सुरक्षेसाठी कुलूप हवे, हे मान्य. परंतु त्याची एक किल्ली मालकालाही मिळाली पाहिजे.

ते होईपर्यंत ग्राहकाने आपल्या गरजेपुरते साधन घ्यावे, कोड पुसण्यापूर्वी लिहून ठेवावा आणि बॅटरी तपासावी, कारण उतरलेली बॅटरी खोट्या कोडांची रांग लावते. एअरबॅग व ब्रेक यांचे कोड वाचावेत, दुरुस्ती मात्र जाणकारावर सोपवावी. कोड हाती असलेला ग्राहक गॅरेजमध्ये प्रश्न विचारू शकतो. एरवी समोर येईल ते बिल भरण्यावाचून त्याला पर्याय उरत नाही.