दर्शनाची वाट आणि चाकाची खुर्ची

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला श्रींची स्थापना झाली, की घराघरांतील वडीलधाऱ्यांच्या मनात एकच इच्छा बळावते: यंदा मंडपातील मूर्ती डोळे भरून पाहावी. ज्यांचे पाय साथ देत नाहीत, त्यांना ही इच्छा पुरी करण्यासाठी चाकाची खुर्ची, म्हणजेच व्हीलचेअर, उपयोगी पडते. परंतु खुर्ची घरात आली म्हणजे दर्शनाची वाट मोकळी झाली, असे नव्हे. त्या वाटेत पायऱ्या असतात, रस्त्यावर पसरलेल्या विजेच्या तारा असतात, गर्दीचा रेटा असतो. आणि पुष्कळदा खुर्ची ढकलणाऱ्या हातांचे अज्ञानही असते.

कायद्याने या प्रश्नाची दखल घेतलेली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सार्वजनिक इमारतीची व्याख्या करताना धार्मिक कार्यासाठी लोक ज्या वास्तूंत येतात, त्यांचाही स्पष्ट उल्लेख केला आहे. मग ती वास्तू सरकारी असो वा खाजगी. जुन्या इमारती सुगम करण्यासाठी २०१७ मध्ये नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. ती २०२२ मध्ये संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेसंबंधीचा नियम केवळ मार्गदर्शनाच्या स्वरूपाचा असल्यामुळे मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक मानके तीन महिन्यांत निश्चित करावीत, असा आदेश केंद्र सरकारला दिला. सुगमता ही कृपा नसून हक्क आहे, हाच या निर्णयाचा मथितार्थ होय.

दहा दिवसांचा मंडप ‘इमारत’ या संज्ञेत बसतो किंवा नाही, हा वाद कायदेपंडितांवर सोपवू. कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावयाची गोष्ट साधी आहे. उताराच्या मार्गाचे प्रमाण एकास बारा असावे. म्हणजे चौथरा ६० सेंटिमीटर उंच असेल, तर उतार ७.२ मीटर लांब हवा. आखूड फळी टाकून काम भागवणे म्हणजे भक्ताला घसरगुंडीवर बसवण्यासारखेच होय.

तथापि उत्तम उतारही अडाणी हातांत धोक्याचा ठरतो. चढताना खुर्ची तोंड पुढे करून न्यावी. तीव्र उतारावरून उतरताना मात्र ती उलटी फिरवून, स्वतः खालच्या बाजूस राहून, मागे पाहत हळूहळू उतरवावी. तोंड पुढे ठेवल्यास बसलेली व्यक्ती पुढे घसरण्याचा संभव असतो. एखादी पायरी चढायची असल्यास पाठीमागच्या खालच्या दांड्यावर पाय दाबून पुढची लहान चाके उचलावीत, ती पायरीवर टेकवावीत आणि नंतर मोठी चाके चढवावीत. पायऱ्या अनेक असतील, तर एकट्याने साहस करू नये. जाणत्या माणसांनी खुर्चीचा पक्का सांगाडा धरावा. सुटे होणारे हात किंवा पायटेकणी धरून ती कधीही उचलू नये. प्रसादाची जड पिशवी मागील मुठींना अडकवण्याची सवयही घातक आहे, कारण त्या वजनाने खुर्ची मागे कलंडू शकते.

खुर्चीवर बसणाऱ्यांनीही काही पथ्ये पाळावीत. उठण्यापूर्वी व बसण्यापूर्वी दोन्ही ब्रेक लावावेत आणि पायटेकणी वर करावी. तिच्यावर उभे राहिल्यास खुर्ची पुढे उलटते. ब्रेक खुर्ची स्थिर ठेवण्यासाठी असतात, धावती खुर्ची थांबवण्यासाठी नव्हेत. चाकांत हवा कमी असेल, तर ब्रेकची पकडही सैल होते. देवापुढे भक्तिभावाने एकदम खाली वाकण्याचा मोह आवरावा. ब्रेक लावून, पाठ टेकून, हात जोडून केलेला नमस्कारही देवाला पोहोचतो. साडीचा पदर किंवा उपरण्याचे टोक चाकात जाऊ देऊ नये. रांगेत फार वेळ बसावे लागल्यास दर पंधरा-वीस मिनिटांनी अंगाचा भार बदलावा, अन्यथा शरीराला दाबाच्या जखमा होतात. ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांच्या मांडीवर गरम प्रसादाचे पातेले किंवा आरतीचे तबक ठेवू नये. त्यांना चटका कळणार नाही, पण भाजणे चुकणार नाही.

चाकांना बाहेरची धूळ लागलेली असते, म्हणून खुर्ची सभामंडपात नको, असा आक्षेप कधी कधी घेतला जातो. ओल्या फडक्याने चाके पुसून ती कोरडी करणे, हा त्यावर सोपा उपाय आहे. माणसाला उचलून दुसऱ्या आसनावर ठेवण्यात त्याच्या पडण्याची भीती अधिक, आणि मनाला लागणारा सलही अधिक.

शेवटी एक विनंती. विचारल्याशिवाय कोणाची खुर्ची ढकलू नका, आणि तिला गती देण्यापूर्वी बसलेल्याला तसे सांगा. स्वयंसेवकांनी ‘आजोबांना कुठे न्यायचे?’ असे नातवाला न विचारता ‘आजोबा, कुठून दर्शन घेणार?’ असे आजोबांनाच विचारावे. कायदा उतार बांधवून घेईल. परंतु त्या उतारावरून माणसाला सुखरूप आणि सन्मानाने नेणारे हात घराघरांतच घडले पाहिजेत. विघ्नहर्त्याच्या मंडपात तरी कोणाच्या वाटेत विघ्न राहू नये.