विश्लेषण : हंगाम संपताच खेळाडू संघ का बदलतात? बार्शीतील मुलांसाठी याचा अर्थ काय?

बारावीचा निकाल लागला की बार्शीत प्रवेशाची धावपळ सुरू होते. खेळाडू असलेल्या घरात त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडते. मुलाने किंवा मुलीने इथेच शिकायचे, सोलापूरला जायचे, की थेट पुणे गाठायचे? वरवर हा शिक्षणाचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात पुढची तीन वर्षे कोणत्या विद्यापीठाच्या संघासाठी निवड चाचणी द्यायची, हेही त्या एका अर्जाने ठरते.

याच उन्हाळ्यात मोठ्या मैदानांवरही हालचाली सुरू असतात. रणजी खेळणारे क्रिकेटपटू दुसऱ्या राज्याकडे जाण्यासाठी ‘ना हरकत’ मागतात. अमेरिकेत महाविद्यालयीन बेसबॉल खेळणारे हजारो विद्यार्थी महाविद्यालय बदलण्यासाठी नाव नोंदवतात. कारण बहुतेक वेळा सारखेच असते : अंतिम अकरात किंवा नऊ जणांत जागा मिळत नाही. फरक आहे तो जाण्याची परवानगी कोणाच्या हातात आहे, यात.

संघबदल म्हणजे नेमके काय?

भारतीय क्रिकेटचा स्थानिक हंगाम साधारण ऑगस्टअखेर सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. एप्रिल ते जुलै हा संघबदलाचा काळ. खेळाडू आपल्या राज्य संघटनेकडे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजेच ‘एनओसी’ मागतो. ते मिळाल्यावर नवी संघटना त्याची नोंदणी करते. शाळा बदलताना जुन्या शाळेचा दाखला लागतो, तसाच हा प्रकार.

महाराष्ट्रात याला एक वेगळा पदर आहे. राज्य एक असले तरी रणजी करंडकात संघ तीन आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. बार्शीसह सोलापूर जिल्हा पुण्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे येतो. मुंबई आणि महाराष्ट्र या दोन्ही संघटनांचे लघुरूप ‘एमसीए’च असल्याने बातम्या वाचताना अनेकांचा गोंधळ होतो.

अलीकडे कोणी संघ बदलला?

सर्वाधिक चर्चा झाली ती पृथ्वी शॉची. ऑक्टोबर 2024 मध्ये तो मुंबईच्या रणजी संघाबाहेर गेला. त्याच वर्षीच्या आयपीएल लिलावात त्याला कोणी घेतले नाही. जून 2025 मध्ये मुंबईने एनओसी दिल्यानंतर तो महाराष्ट्राकडून खेळू लागला. केरळविरुद्धच्या पहिल्या रणजी सामन्यात पहिल्या डावात तो शून्यावर बाद झाला, पण लगेचच चंडीगडविरुद्ध त्याने 222 धावा फटकावल्या.

यशस्वी जैस्वालचे प्रकरण उलटे आहे. एप्रिल 2025 मध्ये त्याने मुंबई सोडून गोव्याकडे जाण्यासाठी एनओसी मागितली. महिनाभरातच विचार बदलून त्याने मुंबईकडूनच खेळू देण्याची विनंती केली आणि संघटनेने ती मान्य केली.

त्याआधी 2022 मध्ये अर्जुन तेंडुलकर मुंबईतून गोव्याकडे गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राजस्थानविरुद्ध रणजी पदार्पणातच त्याने शतक केले. करुण नायर हे तर संघबदलाचे सर्वात ठळक उदाहरण. कसोटीत नाबाद 303 धावा करणाऱ्या या फलंदाजाला कर्नाटकच्या संघात जागा उरली नव्हती. विदर्भाने त्याला घेतले. 2024-25 च्या रणजी हंगामात त्याने 863 धावा केल्या, नागपूरच्या अंतिम सामन्यात शतक ठोकले आणि विदर्भ विजेता ठरला. जून 2025 मध्ये करुण भारतीय कसोटी संघात परतला आणि पुढच्या हंगामात पुन्हा कर्नाटकाकडे गेला.

यात फायदा केवळ खेळाडूचा झाला असे नाही. मुंबईहून आलेल्या वसीम जाफरच्या साथीने विदर्भाने 2017-18 आणि 2018-19 असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. त्याआधी विदर्भाच्या नावावर एकही रणजी विजेतेपद नव्हते.

सोलापूर जिल्ह्यातील उदाहरण कोणते?

ही सगळी मोठी नावे. बार्शीतील मुलीला जवळचे वाटावे असे उदाहरण आहे ते किरण नवगिरेचे. सोलापूर जिल्ह्यातील किरण मुळात मैदानी खेळांची खेळाडू. भालाफेक, गोळाफेक करता करता ती विद्यापीठ पातळीवर क्रिकेटकडे वळली. महाराष्ट्राच्या संघात पुरेशी संधी मिळेना, तेव्हा 2021-22 च्या हंगामात तिने नागालँडची वाट धरली.

नागालँडला तेव्हा क्रिकेटमध्ये फारसे कोणी मोजत नव्हते. पण तिथे तिला वरच्या क्रमांकावर फलंदाजी मिळाली. एप्रिल 2022 मध्ये अरुणाचल प्रदेशविरुद्धच्या टी-20 सामन्यात तिने नाबाद 162 धावा केल्या. टी-20 मध्ये दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय ठरली, पुरुषांमध्येही तोवर ते कोणाला जमले नव्हते. पुढच्याच महिन्यात महिला टी-20 चॅलेंज आणि सप्टेंबरमध्ये इंग्लंडमध्ये भारताकडून पदार्पण, अशी तिची घोडदौड झाली. 2023 मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात ती अर्धशतक करत होती, तेव्हा तिच्या बॅटवर प्रायोजकाचे नाव नव्हते. धोनीची चाहती असलेल्या किरणने तिथे हाताने ‘एमएसडी 07’ लिहिले होते.

पुढे ती महाराष्ट्राकडे परतली. ऑक्टोबर 2025 मध्ये नागपुरात पंजाबविरुद्ध तिने 34 चेंडूंत शतक पूर्ण केले. महिलांच्या टी-20 मधील ते सर्वात वेगवान शतक होते. म्हणजे ज्या राज्यात जागा मिळत नव्हती, त्याच राज्याच्या संघातून तिने विक्रम केला. मधली नागालँडची पायरी नसती, तर तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले असते का, हा प्रश्न उरतोच.

मग प्रत्येकाला ईशान्येकडे जाता येईल का?

नाही. 2018-19 मध्ये ईशान्येकडील राज्यांसह नऊ नवे संघ रणजी स्पर्धेत आले आणि बाहेरच्या खेळाडूंसाठी नवी दारे उघडली. मात्र एका संघाला बाहेरचे तीनच ‘पाहुणे’ खेळाडू घेता येतात. त्या राज्यात जन्मलेला, किंवा किमान वर्षभर तिथे शिकणारा अथवा नोकरी करणारा खेळाडू स्थानिक मानला जातो.

नेमकी इथेच पळवाट शोधली जाते. भाडेकरार, नोकरीचे पत्र, महाविद्यालयाचा दाखला अशा कागदांवर एखादा खेळाडू रातोरात ‘स्थानिक’ होऊ शकतो. 2018 मध्ये पुदुच्चेरीच्या संघात बाहेरच्या खेळाडूंचा भरणा झाल्यावर टीका झाली आणि त्यांना दिलेली परवानगी बीसीसीआयला मागे घ्यावी लागली.

नियमाचा हेतू चुकीचा नाही. पाहुण्यांवर मर्यादा नसेल, तर मुंबई, पुणे, बेंगळूरुमध्ये मागे पडलेले खेळाडू लहान राज्यांचे संघ भरून टाकतील आणि तिथल्या मुलांना राखीव खेळाडूंच्या बाकावर बसावे लागेल. एकाची संधी ही अनेकदा दुसऱ्याची जागा असते.

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये काय घडते?

अमेरिकेत व्यावसायिक खेळाचा रस्ता महाविद्यालयांतून जातो. तिथल्या महाविद्यालयीन खेळांचे नियमन ‘एनसीएए’ ही संस्था करते. पूर्वी महाविद्यालय बदलणाऱ्या बेसबॉलपटूला साधारणपणे एक वर्ष सामन्यांपासून दूर राहावे लागे. ऑक्टोबर 2018 मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ ही ऑनलाइन नोंदवही सुरू झाली. 2021 मध्ये वर्षभर न थांबता एकदा संघ बदलण्याची मुभा मिळाली. 2024 मध्ये तीही मर्यादा गेली. अभ्यासात पात्र असलेला विद्यार्थी आता कितीही वेळा महाविद्यालय बदलू शकतो.

इथे एनओसीचा प्रश्नच येत नाही. ठरलेल्या मुदतीत विद्यार्थ्याने लेखी कळवले की महाविद्यालयाला कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचे नाव पोर्टलवर टाकावे लागते. त्यानंतर कोणत्याही महाविद्यालयाचा प्रशिक्षक त्याच्याशी बोलू शकतो. बेसबॉलचा हंगाम जूनमध्ये संपत असल्याने त्याच सुमारास ही धांदल उडते.

याचा सर्वात मोठा लाभार्थी म्हणजे पॉल स्कीन्स. तो अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत शिकत होता. तिथे तिसऱ्या वर्षात पाऊल टाकले की लष्करी सेवेचे बंधन लागू होते. त्याआधीच, 2022 मध्ये, तो लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेला. 2023 मध्ये त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि व्यावसायिक संघांच्या निवडप्रक्रियेत पहिली निवड त्याचीच झाली. 2025 मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला.

म्हणजे अमेरिकेची पद्धत अधिक चांगली का?

परवानगीच्या बाबतीत ती खेळाडूच्या बाजूने आहे. पण पोर्टलवर नाव टाकणे म्हणजे नवा संघ मिळणे नव्हे. नाव टाकल्यावर जुने महाविद्यालय शिष्यवृत्ती पुढे सुरू ठेवायला बांधील राहत नाही. नवे बोलावणे आले नाही, तर विद्यार्थी दोन्हीकडून लटकतो. 2025-26 पासून नवी आर्थिक व्यवस्था स्वीकारलेल्या महाविद्यालयांत बेसबॉल संघाची कमाल संख्या 40 वरून 34 वर आली आहे. त्यामुळे जागा आणखी कमी झाल्या. शिवाय तयार खेळाडू मिळत असताना शाळेतून नुकत्याच आलेल्या मुलावर दोन वर्षे मेहनत घेण्याची प्रशिक्षकाची तयारी कमी होते.

थोडक्यात, भारतात खेळाडूला दारावर परवानगीसाठी थांबावे लागते. अमेरिकेत दार उघडे आहे, पण पलीकडे जागा असेलच याची हमी नाही.

बार्शीच्या विद्यार्थ्याचा संघ कुठे बदलतो?

रणजीपर्यंत पोहोचणारे मोजकेच. बाकीच्यांचा पहिला संघबदल एनओसीने होत नाही, तो प्रवेश अर्जावर होतो, आणि तो झाल्याचे अनेकांच्या लक्षातही येत नाही.

बार्शीतील महाविद्यालये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. धाराशिव शहर बार्शीकरांना सोलापूरपेक्षा जवळ. पण तिथे प्रवेश घेतला की विद्यापीठ बदलते. तिथली महाविद्यालये छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे येतात. पुण्यात गेले की सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. क्रिकेट, कबड्डी, खो-खो किंवा बेसबॉल, खेळ कोणताही असो, आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठीचा संघ त्यानुसार ठरतो.

हे महत्त्वाचे का? 2004 मध्ये स्थापन झालेले सोलापूर विद्यापीठ एकाच जिल्ह्यासाठी आहे. पुणे विद्यापीठाच्या कक्षेत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असे तीन जिल्हे येतात. पुण्यात मैदाने, प्रशिक्षक, सामने जास्त, तसेच एका जागेसाठी स्पर्धकही जास्त. सोलापूर विद्यापीठाच्या संघात जागा मिळवणारा खेळाडू पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. पुढे खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचा रस्ताही आंतरविद्यापीठ कामगिरीवरूनच जातो. पुण्यात राखीव खेळाडू म्हणून घालवलेल्या तीन वर्षांपेक्षा इथे खेळलेले तीन हंगाम एखाद्याला अधिक उपयोगी पडू शकतात. उलट, जिल्ह्यात आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धीच उरला नसेल, तर बाहेर पडणे हाच मार्ग.

क्रिकेटपुरता एक दिलासा आहे. बार्शीतून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाची राज्य संघटना बदलत नाही, ती ‘महाराष्ट्र’च राहते. तीही आता केवळ पुण्यापुरती उरलेली नाही. जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना सोलापूरच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर झाला. बार्शीहून तुळजापूरही फार लांब नाही. तिथला राजवर्धन हंगरगेकर महाराष्ट्राकडून खेळतो आणि 2022 च्या 19 वर्षांखालील विश्वविजेत्या भारतीय संघातही तो होता.

निर्णयाआधी काय तपासावे?

- नव्या महाविद्यालयातून विद्यापीठ संघाची निवड चाचणी कधी होते आणि पहिल्याच वर्षी खेळता येते का, हे क्रीडा संचालकांना विचारावे.
- गेल्या वर्षीच्या संघात आपल्या जागेवर कोण होते आणि त्याची किती वर्षे शिल्लक आहेत, हे पाहावे.
- विद्यापीठ बदलत असेल, तर मायग्रेशन प्रमाणपत्र वेळेत काढावे. ते अडकले की नोंदणीही अडकू शकते.
- दुसऱ्या राज्याकडून खेळण्याचा विचार असेल, तर नोकरीचा नियम आधी वाचावा. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. दुसऱ्या राज्याकडून मिळवलेले प्रमाणपत्र त्यासाठी चालेल का, याचे लेखी उत्तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून घ्यावे.
- ‘पैसे भरा, दुसऱ्या राज्यातून खेळवतो’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. खोट्या रहिवासी कागदांवर खेळल्यास कारवाई खेळाडूवर होते, मध्यस्थ नामानिराळा राहतो.

शॉ किंवा जैस्वाल यांना नियम समजावून सांगायला माणसे असतात. बार्शीतील वडिलांच्या हाती मात्र प्रवेशाची माहितीपुस्तिका असते आणि तिच्यात शुल्क, अनुदानित-विनाअनुदानित तुकड्या, वसतिगृह असे सगळे छापलेले असते. कोणत्या विद्यापीठाकडून खेळावे लागेल आणि निवड चाचणी कधी, या दोन ओळी तिथे छापायला खर्च काहीच नाही. त्या येईपर्यंत अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेआधी क्रीडा विभागात एक फेरी मारणे, एवढे तरी पालकांच्या हातात आहे.