सोनाराला शिक्षकाचा मान

अलंकार-रचना हा आता महाविद्यालयीन अभ्यासाचा विषय झाला आहे, हे स्वागतार्हच होय. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला राजधानी केली आणि मराठी घराण्यांबरोबर नथ, चिंचपेटीही तेथे रुजल्या. परंतु १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने चौदा कॅरटांहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी केली व देशभर असंख्य सोनारांचे हात रिकामे झाले. सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला; तुटलेली परंपरा मात्र कायद्याने सांधली जात नाही. संगणकावर नथ रेखाटणाऱ्याला मोती ओवणाऱ्या तारेचा ताण ठाऊक हवा. यास्तव असे वर्ग चालविणाऱ्या संस्थांनी, मग त्या ग्वाल्हेरच्या असोत वा आमच्या गोव्याच्या, अनुभवी सोनारांना शिक्षकाचा दर्जा व वेतन द्यावे. अन्यथा पदवीधर वाढतील, कारागीर उरणार नाहीत.