‘संपतो’ की ‘संपवता येतो’? — पापांद्रेऊंच्या समाजवादाची परीक्षा

आंद्रेआस पापांद्रेऊ यांचे नाव निघाले की आपल्याकडील लोकशाही समाजवादी मित्र आजही भारावून बोलू लागतात. जानेवारी १९८५ मध्ये दिल्लीत भरलेल्या सहा राष्ट्रांच्या अण्वस्त्रविरोधी परिषदेत ते राजीव गांधी व ओलोफ पाल्मे यांच्या शेजारी बसले होते, ही आठवणही मग हटकून निघते. वर्गसंघर्षाची ‘कटकट’ न करता, एका तेजस्वी नेत्याच्या वक्तृत्वावर आणि मतपेटीवर विसंबून साम्राज्यवादाला नमवता येते, याचा पुरावा म्हणून ग्रीसकडे बोट दाखवले जाते. हा पुरावा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पापांद्रेऊ १९१९ साली खिओस बेटावर जन्मले. मेताक्सासच्या हुकूमशाहीत अटक झाल्यानंतर ते अमेरिकेत गेले. तेथे हार्वर्डची डॉक्टरेट, अमेरिकन नागरिकत्व, नौदलातील नोकरी आणि पुढे बर्कले येथे अर्थशास्त्र विभागाचे प्रमुखपद, अशी त्यांची वाटचाल झाली. डिसेंबर १९४४ मध्ये त्यांचे वडील योर्गोस पंतप्रधान असताना अथेन्सच्या सिंटाग्मा चौकात निदर्शकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि नाझींशी लढलेल्या प्रतिकारसेनेवर ब्रिटिश फौजा तुटून पडल्या. वडिलांचे पाप मुलाच्या माथी मारण्याचे आम्हाला कारण नाही. १९६७ च्या लष्करी राजवटीने आंद्रेआस यांना तुरुंगात टाकले, नंतर त्यांना देशत्याग करावा लागला. हुकूमशाही कोसळताच ३ सप्टेंबर १९७४ रोजी त्यांनी ‘पासोक’ पक्ष स्थापन केला. नाटो आणि युरोपीय सामायिक बाजारपेठ ही एकाच टोळीची दोन नावे आहेत, ही त्या पक्षाची गाजलेली घोषणा.

ऑक्टोबर १९८१ मध्ये ४८ टक्के मते मिळवून ते सत्तेवर आले. नागरी विवाह, हुंड्याच्या प्रथेचे कायदेशीर उच्चाटन, राष्ट्रीय आरोग्यसेवा हे निर्णय पुरोगामी होते. ते नाकारणे हा कोतेपणा ठरेल. १९८२ मध्ये नाझीविरोधी प्रतिकारलढ्याला त्यांनी अधिकृत मान्यता दिली आणि यादवी युद्धातील निर्वासितांना परतीची वाट मोकळी केली. मात्र ही वाट केवळ ‘वंशाने ग्रीक’ असणाऱ्यांसाठीच होती! लोकशाही सेनेत खांद्याला खांदा लावून लढलेले स्लाव-मॅसिडोनियन सैनिक वेशीबाहेरच राहिले. ज्या समाजवादाला प्रवेशद्वारी वंश विचारावा लागतो, त्याची जात ओळखायला फार पांडित्य लागत नाही.

अमेरिकन तळांचे प्रकरण तर याहून बोलके आहे. तळ हटवू, हे पासोकचे वचन होते. सप्टेंबर १९८३ मध्ये अमेरिकेशी पाच वर्षांचा करार झाला आणि अथेन्समध्ये जाहीर करण्यात आले की हा तळ हटवण्याचाच करार आहे. ग्रीक मसुद्यात लिहिले होते : पाच वर्षांनी करार ‘संपतो’. इंग्रजी मसुद्यात लिहिले होते : लेखी सूचना देऊन तो ‘संपवता येतो’. परभाषेतील मजकूर आपल्या भाषेत आणणे हेच ज्याचे रोजचे काम आहे, त्याला एका क्रियापदाचे मोल कळते. अनुवादकाच्या हातून चूक होते, ती दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. येथे दुरुस्त करण्यासारखे काहीच नव्हते. एक वाक्य पिरेयसच्या गोदी कामगारासाठी होते आणि दुसरे वॉशिंग्टनसाठी. १९८८ मध्ये पापांद्रेऊंनी सूचना दिली खरी, पण नव्या कराराच्या वाटाघाटी त्यापूर्वीच सुरू झाल्या होत्या. नाटोचे सदस्यत्व कायम राहिले. सामायिक बाजारपेठेवर घ्यावयाचे सार्वमत कधी झालेच नाही.

साम्राज्यवादाशी इतके जुळवून घेणारे सरकार घरच्या कामगारांशी मात्र कडक वागले. १९८३ च्या कायद्याने सार्वजनिक उद्योगांतील संपासाठी संघटनेच्या एकूण सभासदांच्या बहुमताची अट घातली, आणि या कायद्याला नाव काय, तर ‘सामाजिकीकरण’! ऑक्टोबर १९८५ मध्ये निवडणूक जिंकून चार महिने लोटतात न लोटतात तोच द्राख्माचे १५ टक्के अवमूल्यन झाले आणि महागाईशी जोडलेल्या वेतनवाढीला कात्री लागली. पासोकच्याच कामगार नेत्यांनी विरोध करताच त्यांची पक्षातून हकालपट्टी झाली, आणि कामगार महासंघाचे नेतृत्व न्यायालयामार्फत बदलण्यात आले.

पुढे बँक ऑफ क्रीटच्या घोटाळ्याने सरकार बुडाले. त्या वेळी, १९८९ मध्ये, ग्रीसमधील कम्युनिस्टांनी उजव्या ‘नवी लोकशाही’ पक्षाबरोबर काही महिने सरकारात बसण्याचा जो निर्णय घेतला, तो आमच्या मते गंभीर चूक होती. पापांद्रेऊंना हुतात्म्याचा मुखवटा त्यानेच मिळवून दिला. १९९२ मध्ये ते एका मताने निर्दोष सुटले, १९९३ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले आणि जून १९९६ मध्ये निधन पावले.

मग तळांचे काय झाले? अथेन्सजवळचे दोन तळ अमेरिकेने काटकसरीसाठी आपणहून बंद केले. क्रीटमधील सूदा उपसागराचा तळ राहिला. १९९० मध्ये उजव्या सरकारने नवा करार केला, आणि २०२१ मध्ये त्याच्या नंतरच्या सरकारांपैकी आणखी एका उजव्या सरकारने लष्करी सहकार्याचा करार पाच वर्षांसाठी आणि त्यापुढे बेमुदत वाढवला. या वेळी दोन भाषांत दोन अर्थ ठेवण्याची तसदी कोणाला घ्यावी लागली नाही.