सेंडऑफ, फिशपाँड आणि लेट एसटी

परवा ऑफिसात ऐन स्टेटस कॉलच्या मध्ये मोबाइल थरथरला. लातूरहून भाची! बारावीची मुलगी भर दुपारी साडेतीनला फोन करते म्हटल्यावर मामाच्या पोटात गोळा येणारच. क्लायंटला म्यूट केलं आणि कॉरिडॉरमध्ये धावलो.

'मामा, फिशपाँड कसे लिहितेत रे?'

हुश्श!

झालं होतं असं, की भाचीच्या हॉस्टेलवरच्या पोरींनी सेंडऑफ करायचं ठरवलं होतं. कॉलेजचा नव्हे, हॉस्टेलचा. आणि 'आमचा मामा शाळेत फिशपाँडचा एक्स्पर्ट होता' अशी थाप हिने मारून ठेवली होती. थाप कसली, खरंच होतं ते. पण त्या एक्स्पर्टगिरीची एक गोष्ट आहे, आणि ती मी तिला आजवर सांगितली नव्हती.

आधी फिशपाँड म्हणजे काय ते सांगतो, कारण इंग्लिश मीडियमवाल्या आमच्या टीममधल्या अर्ध्या लोकांना मासे पाळायचा छंदच डोळ्यांसमोर आला. तर बॉस, निरोप समारंभाच्या आधी आठवडाभर वर्गात एक खोका ठेवतात. ज्याला ज्याच्याबद्दल जे म्हणायचंय ते त्याने चिठ्ठीवर लिहून खोक्यात टाकायचं. लिहिणाऱ्याचं नाव नाही, ज्याच्यावर लिहिलं त्याचं मात्र ठळक अक्षरात. कार्यक्रमाच्या दिवशी सूत्रसंचालक एकेक चिठ्ठी काढून वाचणार, आणि जो कुणी 'गळाला लागला' त्याने स्टेजवर येऊन ती हसत हसत स्वीकारायची. हसत हसत हे महत्त्वाचं! रागावलास तर पुढची दहा वर्षं तेच ऐकशील.

बाकीचा निरोप समारंभ तुम्हाला माहीतच आहे. नववीची पोरं वर्गणी काढून दहावीला निरोप देतात. सरस्वतीच्या फोटोला हार, नारळ, उदबत्ती. मुली आईच्या साडीत, खांद्यापासून कमरेपर्यंत पंचवीस सेफ्टी पिना. मुलं काकाच्या लग्नातला शर्ट इन करून. 'विद्यार्थी मित्रहो, आज तुम्हाला निरोप देताना...' असं म्हणून सर घसा खाकरतात आणि वर्षभर ज्यांनी छड्या मारल्या त्यांचाच आवाज आधी फुटतो. मग शाळेला भेट म्हणून एक भिंतीवरचं घड्याळ. प्रत्येक बॅच घड्याळच का देते कोण जाणे! आमच्या शाळेत स्टाफरूममध्ये चार घड्याळं होती आणि चारही वेगवेगळी वेळ दाखवायची. शेवटी कागदी प्लेटमध्ये चिवडा, पेढा, समोसा आणि ग्रुप फोटो.

या सगळ्यातली एक गंमत कधी लक्षात आलीये तुमच्या? अमेरिकेत पोरं चौकोनी टोप्या हवेत उडवतात, पण हातात डिप्लोमा मिळाल्यावर. ती पद्धत 1912 मध्ये तिथल्या नौदल अकादमीत सुरू झाली असं सांगतात. स्वीडनमधली पोरं पांढऱ्या टोप्या घालून सजवलेल्या ट्रकवर नाचत गावभर फिरतात, तीही शाळा संपल्यावर. जपानमध्ये शाळेच्या शेवटच्या दिवशी मुलगा युनिफॉर्मच्या कोटाचं वरून दुसरं बटण आवडत्या मुलीला देतो. ते काळजाच्या सगळ्यात जवळचं म्हणे! आणि आपण? आपण परीक्षेच्या आधीच सेलिब्रेट करतो. पेपर व्हायचेत, रिझल्ट तर लांबच, पण हार घालून, पेढे वाटून मोकळे. एक नॉर्वेवालेच आपल्या जातकुळीचे. तिथली पोरं वर्षानुवर्षं लाल डांगऱ्या घालून फायनलच्या आधीच धुडगूस घालायची.

मला आता यात शहाणपण दिसतं. पास होणाऱ्याचा वेगळा आणि नापास होणाऱ्याचा वेगळा असा निरोप आपल्याकडे नाही. रिझल्ट लागेपर्यंत सगळी पोरं सारखीच. एका प्लेटमध्ये एकच पेढा, पहिल्या नंबरालाही आणि गणितात गटांगळ्या खाणाऱ्यालाही. पुढे आयुष्यभर अप्रेझल आहेच की!

आता माझी गोष्ट. साल 2008, गाव नांदेड. त्या ऑक्टोबरात गुरू-ता-गद्दीचा तीनशेवा सोहळा होणार होता आणि अख्खं शहर खणून ठेवलेलं. जिकडे बघावं तिकडे जेसीबी, खडी, धूळ. शाळेत उशिरा येणाऱ्या प्रत्येकाकडे एकच कारण : 'सर, रस्ता खोदलाय.' आमच्या वर्गात लोह्याकडच्या एका खेड्यातून रोज एसटीने येणारा एक मुलगा होता. रोज लेट. प्रार्थना संपल्यावर दप्तर पोटाशी धरून दारात उभा. त्याचं कारणही तेच, 'रस्ता खोदलाय, सर.'

फिशपाँड कमिटीचा अध्यक्ष मी. खोक्यातल्या अर्ध्या चिठ्ठ्या भंगार निघाल्या, म्हणून रात्री बसून मीच बऱ्याच लिहून काढल्या. त्याच्यावरची माझी चिठ्ठी अशी होती :

'नांदेडचे रस्ते होतील एकवेळ, पण ह्याची एसटी टायमावर येणार नाही. बोर्डाच्या पेपरला आदल्या दिवशीच निघ रे बाबा!'

सॉलिड हिट! हॉल दणाणला. हेडसरसुद्धा हसले. तो स्टेजवर आला, चिठ्ठी घेतली, हसला आणि खाली गेला. ग्रुप फोटोच्या वेळी मात्र तो दिसेना. 'गेला असंल एसटीला,' कुणीतरी म्हणालं. त्यावरही हशा. आमच्या फोटोत तिसऱ्या ओळीत दोघांच्या मध्ये एक फट आहे. फोटोग्राफर 'सरका, सरका' ओरडत होता, पण कुणी सरकलं नाही.

ही फट मला पंधरा वर्षं दिसली नाही. 2023 च्या दिवाळीत बॅचचं गेट-टुगेदर झालं तेव्हा दिसली. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी तो फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'इथं कोण होतं?' गेट-टुगेदरला सगळ्यात आधी हजर कोण असावं? तोच! आता गावाकडे दूध संकलनाचं काम बघतो. टपरीवर चहा घेताना मी आपलं हसत हसत म्हटलं, 'आज एसटी टायमावर आली वाटतं?'

तोही हसला. मग कपातला चहा हलवत म्हणाला, 'तवा लई राग आलता बे तुमचा. त्या वर्षी बाप अंथरुणाला खिळला होता. पहाटं धारा काढायच्या, दूध घालायचं, मग एसटी. ती पहिली एसटी हुकायचीच. आता हे वर्गात सांगून काय करू? रस्ता खोदलाय म्हणलेलं बरं.'

मला काही सुचेना. सॉरी म्हणालो. पंधरा वर्षांनी म्हटलेलं सॉरी किती फुसकं वाटतं हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. तो म्हणाला, 'जाऊ दे. चहाचे पैसे तू दे.' दिले. आता सांगायचा मुद्दा असा, की त्याने माझा विषय तिथेच संपवला. माझा काही संपला नाही.

तर भाचीने फिशपाँडचं विचारलं तेव्हा हे सगळं डोक्यात फिरलं. पण आधी मी विचारलं, 'अगं, कॉलेज सेंडऑफ देत नाही का?'

'कॉलेजात जातंय कोण, मामा? प्रॅक्टिकलला गेलते तेवढंच. माझ्या वर्गातल्या पोरी मला माहीत पण नाहीत.'

लातूरची गंमत तुम्हाला ठाऊक असेलच. नव्वदच्या दशकात राजर्षी शाहू आणि दयानंद या कॉलेजांची पोरं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकायला लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द राज्यभर गेला. फंडा सरळ होता : सिलॅबस लवकर संपवायचा आणि मग टेस्टवर टेस्ट, अगदी बोर्डाच्या पेपरसारख्या. तेव्हा निदान ते सगळं कॉलेजात, वर्गात चालायचं. 2017 पासून राज्यातले मेडिकलचे प्रवेश नीटवर गेले आणि पॅटर्नचा मुक्काम बऱ्यापैकी कॉलेजातून क्लासेसमध्ये हलला. आता उद्योग भवनच्या परिसरात संध्याकाळी उभे राहा. सॅक पाठीला लावलेल्या पोरापोरींचा नुसता पूर वाहतो. होस्टेल, मेस, अभ्यासिका, झेरॉक्स, पुन्हा मेस. नांदेडलाही तेच चित्र. दोन्ही गावांत मिळून दीडशे-एक किलोमीटरचं अंतर, पण हवा एकच.

आणि या पोरांना शेवटचा दिवस असा नसतोच. 2025 मध्ये बारावीची लेखी परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू होऊन मार्चमध्ये संपली. आपण असतो तर शर्टावर शाई उडवून, थिएटर गाठून मोकळे झालो असतो. ही पोरं पेपर टाकून दुसऱ्या दिवशी परत क्लासला, कारण नीट 4 मेला. त्यानंतर कुणी थेट गावाकडे निघतो, कुणी रिपीट करायचं ठरवून त्याच कॉटवर राहतो. निरोप द्यायचा कधी आणि कुणी कुणाला? दोन वर्षं एका खोलीत राहिलेल्या पोरी एक दिवस गाद्या गुंडाळून रिक्षात टाकतात आणि संपलं.

म्हणून या बाईंनी ठरवलं, की बोर्डाच्या आधीच, म्हणजे अगदी परंपरेप्रमाणे, मेसमध्ये सेंडऑफ करायचा. प्रमुख पाहुण्या कोण? मेसवाल्या काकू! मला हे इतकं आवडलं, की क्लायंट म्यूटवर आहे हे मी विसरूनच गेलो.

'मग फिशपाँड सांग ना, मामा. झक्कास पाहिजेत.'

तिला मी लोह्याच्या एसटीची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग एक नियम सांगितला, माझ्या अनुभवातून आलेला : माणूस स्वतः हौसेने जे करतो त्यावर लिही. त्याच्यावर जे येऊन पडलंय त्यावर लिहू नको. रात्री दोन वाजता मॅगी करणारी, अलार्म लावून दुसऱ्यांना उठवणारी आणि स्वतः झोपणारी, टेस्टच्या दिवशी ठराविकच ओढणी घेणारी... लिही बिनधास्त. रंग, जाडी, बोलण्यातला हेल, घरची परिस्थिती, टेस्टमधले मार्क, यांना हात लावायचा नाही. आणि काही कळलं नाही तर चिठ्ठी टाकण्याआधी विचार, की ही असं का करते हे मला खरंच माहितीये का?

'मार्कावर नाही? मग तर निम्म्या चिठ्ठ्या गेल्या की!' ती म्हणाली. यावरून तिकडे काय वातावरण आहे ते तुम्हीच ओळखा.

सेंडऑफ झाला. फोटो आले. साड्या नव्हत्या, होस्टेलवर साडी कुठून आणणार? सगळ्यांनी टेस्टच्या दिवसाचे लकी ड्रेस घातले होते म्हणे. पेढ्याऐवजी सुशीला आणि गुलाबजाम. घड्याळाची परंपरा मात्र पोरींनी सोडली नाही. मेसला भिंतीवरचं घड्याळ दिलं, दहा मिनिटं पुढे लावून, म्हणजे खालच्या वर्गातल्या पोरी क्लासला लेट होणार नाहीत.

काकूंवरचा फिशपाँड भाचीने स्वतः लिहिला होता : 'काकू, बायोलॉजीत आम्ही शेकडो वनस्पती शिकलो. पण तुमच्या मिक्स भाजीतली अजून एकही ओळखता आली नाही.' काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि मग, भाची म्हणाली, 'त्याच पदरानं डोळे पुसू लागल्या, मामा. मग आम्ही सगळ्याच.'

ग्रुप फोटो मी झूम करून पाहिला. तीन ओळी. एक मुलगी तापाने वर खोलीत झोपली होती, तिच्यासाठी फोटो अर्धा तास थांबवला, तिला शाल गुंडाळून खाली आणलं. फट कुठेही नाही.

फोटोच्या खाली भाचीचा मेसेज होता. तिने माझ्यावरही एक चिठ्ठी टाकली होती आणि ती सगळ्यांसमोर वाचली गेली : 'आमचा मामा पुण्यात एवढा बिझी, एवढा बिझी, की त्याला सॉरी म्हणायलासुद्धा पंधरा वर्षं लागली.'

हसत हसत स्वीकारली. नियमच आहे तो. मग ती चिठ्ठी लोह्याकडच्या दोस्ताला फॉरवर्ड केली. पाच मिनिटांत उत्तर आलं : 'पोरगी हुशार हाय. पास होती बघ. आणि पुढच्या टायमाला चहासोबत भजे पण.'