‘ऊटा’ की ‘उठा’? : पदयात्रींच्या मुक्कामाविषयी थोडेसे

आपल्या भागात माघी पौर्णिमेला ‘भरत हुण्णिमे’ म्हणतात. त्या सुमारास सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराकडे जाणारे रस्ते भाविकांनी फुलून जातात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, एस.टी.च्या गाड्या यांच्या जोडीला नवस फेडण्यासाठी पायी निघालेली माणसेही असतात आणि त्यांतली कित्येक महाराष्ट्रातून आलेली असतात. आषाढ-कार्तिकात हा प्रवाह उलट दिशेला वाहतो. धारवाड, नवलगुंद, गदग या भागांतील कानडी भाषक वारकरी पंढरीची वाट धरतात. येथून पंढरपूर सुमारे तीनशे किलोमीटर. म्हणजे बारा-तेरा दिवसांची चाल आणि तितकेच मुक्काम. दोन्ही वाटांवरच्या यात्रेकरूला सायंकाळी एकच प्रश्न पडतो : आजची रात्र कुठे काढायची? हा प्रश्न केवळ धर्मशाळांचा नसून वैद्यकाचाही आहे, असे माझे मत आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने ते व्यवसायबंधूंपुढे मांडतो.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका माघात पहाटे एका टेंपोवाल्याने साठीच्या एका गृहस्थांना बेशुद्धावस्थेत माझ्याकडे आणले. अंग घामाने निथळत होते. बरोबर पत्नी होती. सातारा जिल्ह्यातून दोघे सौंदत्तीला पायी निघाले होते. पिशवीत मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी सापडली. रक्तातील साखर तपासली, तर ती फारच खाली गेलेली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत ते डोळे उघडून बोलू लागले. सायंकाळची गोळी घेतली होती. जेवण मात्र झाले नव्हते.

“का जेवला नाहीत?” असे विचारले, तेव्हा मावशींना रडू कोसळले. “काय सांगू साहेब, एका गावात घराच्या कट्ट्यावर टेकलो होतो. जागा विचारली, तर त्यांनी मान हलवली. म्हटलं, झाली सोय. ह्यांनी गोळी घेतली, पाठ टेकली. तेवढ्यात घरातला माणूस दारात आला आणि ‘उठा, उठा’ म्हणाला. दोनदा म्हणाला. मग काय, गाठोडं उचललं आणि निघालो. घरातून भाकरीचा वास येत होता. वाटलं, त्यांची जेवायची वेळ झाली, म्हणून आम्हांला उठवताहेत.”

मी क्षणभर काहीच बोललो नाही. तो माणूस काय म्हणाला असेल, हे येथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या ध्यानात आले असेल. तो म्हणाला होता, “ऊटा माड्री.” म्हणजे, जेवण करा. ज्या घराने त्यांना ताटावर बोलावले, त्याच घराने आपल्याला हाकलले, असे समजून हे दांपत्य अंधारात चालू लागले होते. तो यजमानही मागे ‘अन्न नाकारून गेले’ म्हणून खंतावला असेल. मी मावशींना अर्थ सांगितला. त्यांनी डोळे पुसले आणि त्या गावाच्या दिशेने हात जोडले.

या घटनेत दोष कोणाचाच नव्हता, आणि म्हणूनच ती मला अधिक विचार करायला लावते. मराठी आणि कानडी या भिन्न कुळांतल्या भाषा; परंतु शेकडो वर्षांच्या शेजाराने त्यांचे किती तरी शब्द सामायिक झाले आहेत. ‘जागा’ येथेही जागाच आणि ‘वस्ती’ही बहुतांशी तीच. अगदी परक्या मुलखात गेलेल्याला आपल्याला काही कळत नाही, एवढे तरी कळते. तो खुणा करतो, पुन्हा विचारतो. आपल्या सीमाभागात मात्र थोडेसे कळते, आणि सगळेच कळले असे वाटून माणूस पुन्हा विचारत नाही. अपुऱ्या भाषेचा हा धोका अज्ञानाहून मोठा आहे.

दिंडीबरोबर चालणाऱ्याला ही अडचण फारशी येत नाही. दिंडीचे मुक्काम ठरलेले असतात. बोलणी करणारे निराळे असतात. या व्यवस्थेत कर्नाटकाचा वाटा मोठा आहे, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते चिकोडी भागातील अंकलीचे शितोळे सरदार. सोहळ्यातील अश्व आजही दरवर्षी अंकलीहून आळंदीपर्यंत पायी जातात, आणि माउलींच्या पादुका मुक्कामाला ज्या तंबूत विसावतात, त्याचा मानही परंपरेने याच घराण्याचा. पंढरपूरच्या मंदिरात होयसळ राजा सोमेश्वराच्या काळातील, इ.स. १२३७ चा शिलालेख आहे. त्याची भाषा संस्कृत व कानडी. देवाच्या दारी दोन्ही भाषांना जागा आहे. अडचण येते ती आजारपणामुळे दिंडीतून मागे पडलेल्याला आणि एकट्यादुकट्या चालणाऱ्याला. म्हणजे आसऱ्याची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्यालाच तो मागावा लागतो आणि तोही परक्या भाषेत.

मुक्काम नीट न मिळाल्याचे परिणाम शेवटी आपल्याच दवाखान्यात येतात. पावसाळ्यात उघड्या ओसरीवर, जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते. तिचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते, उलट्या होतात, मग पापण्या जड होऊ लागतात आणि पुढे श्वास अडखळतो. अशा वेळी रुग्णाला ‘काय खाल्ले?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘रात्री कुठे झोपला होता?’ हा प्रश्न निदानाचा ठरतो. स्त्रियांची आणखी एक अडचण आहे. आडोसा मिळेल की नाही या धास्तीने त्या दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात. मूत्रमार्गाचा दाह आणि उन्हाचा त्रास यांचे मूळ पुष्कळदा येथे असते. मधुमेही अनवाणी चालतो; पायाची संवेदना गेलेली असल्याने फोड फुटलेला त्याला कळत नाही. रात्री दिव्याच्या उजेडात पाय धुऊन पाहता येईल अशी जागा मिळणे, हाच त्याच्यावरचा निम्मा उपचार.

यावर जगात काही तोड निघाली आहे काय? स्पेनमधील सांतियागोची पदयात्रा या बाबतीत पाहण्यासारखी आहे. फ्रान्सच्या सीमेपासूनचा तिचा प्रसिद्ध मार्ग सुमारे ७८० किलोमीटरांचा आहे, आणि २०२४ साली पाच लाखांच्या आसपास यात्रेकरूंनी सांतियागोला पोहोचून यात्रेचे प्रमाणपत्र घेतले. त्यांतल्या अनेकांचे स्पॅनिश दहा-वीस शब्दांपलीकडे जात नाही. तेथे ‘कामा’ म्हणजे अंथरूण, हे कळले तरी पुरते. कारण बाकीचे काम यात्रेकरूजवळचे एक घडीचे कार्ड करते. त्यावर प्रत्येक मुक्कामी शिक्का बसतो. ते दाखवले की हा यात्रेकरू आहे, हे ओळखून ‘आल्बेर्गे’ नावाच्या साध्या धर्मशाळेत त्याला खाट मिळते. सरकारी धर्मशाळांत सामान्यतः एकच रात्र राहता येते. आजाऱ्याला मात्र सवलत असते.

आपल्याकडे कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि तो भाषांतर करून देतो. खरे आहे, पण साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याच्या हाती तो तितका चालत नाही, आणि पुस्तकी कानडीचे उत्तर आपल्या रांगड्या धारवाडी बोलीत आले की गाडी पुन्हा अडते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : अनोळखी माणसाला घरात कसे घ्यावे? ही भीती अवाजवी नाही. म्हणूनच घरांवर भार न टाकता मठ, मंदिर, शाळा अशा सार्वजनिक जागांचा विचार व्हावा. हुबळीच्या सिद्धारूढ मठात येणाऱ्याची भाषा न विचारता प्रसादाला बसवतात. हा आदर्श आपल्या समोरच आहे.

माझ्या सूचना थोड्याच आहेत. आपल्या मंडळाने दोन्ही लिपींत छापलेले एक पोस्टकार्डाएवढे कार्ड तयार करावे. मराठी यात्रेकरूसाठी त्यावर देवनागरीत अशी कानडी वाक्ये असावीत : “इल्ली मलगाक जागा ऐतेन्री?” (इथे झोपायला जागा आहे का?), “ऊटा आगिल्ला” (जेवण झालेले नाही), “ननग शुगर ऐती” (मला मधुमेह आहे), “मुंजाने एद्द होगतीव्री” (सकाळी उठून जाऊ). पंढरीला निघणाऱ्यासाठी हीच वाक्ये मराठीत, पण कानडी लिपीत असावीत. मागील बाजूस चालू औषधे, आजार व घरचा संपर्क लिहायला जागा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक असावा. तो दोन्ही राज्यांत एकच आहे. यात्रेच्या आधी दिंडीप्रमुखांना भेटून मधुमेही यात्रेकरूंना एक नियम समजावून द्यावा : ताट समोर आल्याशिवाय सायंकाळची गोळी घेऊ नये. आणि मार्गावरच्या दोन-चार गावांतील शाळा व मंदिरांच्या व्यवस्थापकांशी बोलून आजारी यात्रेकरूसाठी एक खोली आणि एक मच्छरदाणी राखून ठेवण्याची विनंती करावी. खर्च फार नाही. लागेल ते दोन भाषा जाणणारे माणूस, आणि अशी माणसे आपल्या मंडळात जेवढी आहेत, तेवढी क्वचितच कुठे असतील.

आपले पूर्वज केव्हा ना केव्हा या मुलखात परके म्हणूनच आले. कोणाला नोकरीने आणले, कोणाला व्यापाराने. त्यांनाही पहिल्या दिवशी कोणीतरी कट्ट्यावर बसवून “ऊटा माड्री” म्हटले असेल, आणि त्याचा अर्थ समजावणारा कोणी शेजारी भेटला असेल. त्या शेजाऱ्याचे काम आता आपल्याकडे आले आहे. येत्या भरत हुण्णिमेपूर्वी हे कार्ड छापून तयार असावे, एवढीच विनंती.